चावी फिरते, पण गाडी सुरू होत नाही? चिपच्या चावीमागचं तंत्र समजून घ्या

समजा, संध्याकाळच्या वेळी तुम्ही औरंगपुऱ्यात खरेदीला आला आहात. फिरून फिरून गाडी लावायला एकदाची जागा मिळाली. तासाभराने पिशव्या घेऊन परत आलात, चावी फिरवली. स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर घुरघुरतं आणि बंद पडतं. मीटरवर चावीचं एक छोटंसं चिन्ह लुकलुकतंय. मागे हॉर्न वाजायला लागलेत. बॅटरी नवी आहे, टाकीत पेट्रोल आहे. मग बिघडलं काय?

अशा वेळी बऱ्याचदा बिघाड इंजिनात नसतो. गाडीने चावीला ओळखलेलं नसतं. चोराला अडवण्यासाठी बसवलेली यंत्रणा मालकालाच अडवून बसलेली असते.

ही यंत्रणा चालते कशी, ती अडली तर जागेवर काय तपासायचं, नवीन चावी करून घेताना कुठे फसगत होते आणि गाडी चोरीला गेलीच तर 'दुसरी चावी' इतकी महत्त्वाची का ठरते? एकेक करून पाहू.

चावीत नेमकं काय असतं?

जुन्या गाड्यांची चावी म्हणजे फक्त धातूचं पातं. दात जुळले की कुलूप फिरायचं. चावीवाल्याने कानशीने घासून तसेच दात काढले की काम झालं.

आताच्या बहुतेक कारच्या चावीत, प्लास्टिकच्या मुठीच्या आत, एक बारीक चिप असते. तिला म्हणतात ट्रान्सपॉन्डर. हाक ऐकून उत्तर देणारी चिप, असा त्याचा सोपा अर्थ. ही चिप काचेच्या छोट्या नळीसारखी किंवा काळ्या चौकोनी तुकड्यासारखी दिसते. आकार तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढा. विशेष म्हणजे या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही.

चावी घातली जाते त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की त्या कड्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात. त्याच लहरींतून चिपला वीज मिळते आणि ती जागी होते. मग गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, तिला एक आकडा पाठवतो. चिप आपल्या आत साठवलेल्या गुप्त कोडने त्यावर गणित करते आणि उत्तर परत पाठवते. उत्तर बरोबर आलं तर इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. चुकलं, तर नाही. हे सगळं सेकंदाच्याही आत उरकतं.

इंजिन रोखून धरणाऱ्या या यंत्रणेला 'इमोबिलायझर' म्हणतात. मारुती सुझुकीच्या गाड्यांमध्ये तिचं नाव 'आयकॅट्स' असं आहे. नावं वेगळी, तत्त्व एकच. दात जुळवून चावी केली तरी चिप नसेल तर दार उघडेल, पण गाडी जागची हलणार नाही. ढकलून गिअरमध्ये टाकायची जुनी युक्तीही इथे चालत नाही.

ही यंत्रणा आली कुठून?

सुरुवात अमेरिकेतून झाली. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट मॉडेलमध्ये चावीच्या पात्यावर एक छोटा रेझिस्टर बसवला. वेगवेगळ्या १५ मूल्यांपैकी नेमका तोच रेझिस्टर असेल तरच गाडी सुरू व्हायची. पण पंधराच पर्याय असल्याने चोरांसाठी ते काही फार मोठं कोडं नव्हतं.

१९९० च्या दशकात रेडिओ लहरींवर चालणारी चिप आली. युरोपीय संघाने १९९८ च्या ऑक्टोबरपासून सर्व नव्या प्रवासी कारमध्ये इमोबिलायझर बंधनकारक केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, कॅनडाने २००७ मध्ये तसाच नियम आणला. नेदरलँड्समधल्या गाड्यांच्या आकडेवारीवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा या यंत्रणेमुळे कारचोऱ्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं.

ही चिप नसली तर काय होतं, याचं उदाहरण पुन्हा अमेरिकेतच सापडतं. तिथे असा सक्तीचा नियम नव्हता. २०११ ते २०२१ या काळातल्या ह्युंदाई आणि किया कंपन्यांच्या अनेक मॉडेलमध्ये इमोबिलायझर बसवलेलाच नव्हता. २०२२ मध्ये या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करून दाखवणारे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने सांगितलं की या प्रकारांशी संबंधित किमान १४ अपघात आणि ८ मृत्यूंची नोंद झाली आहे. कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं.

छत्रपती संभाजीनगरला गाड्यांचं जग नवं नाही. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना आहे, शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन तब्बल १५० मर्सिडीज गाड्यांची खरेदी केली, ती बातमी देशभर गाजली होती. आता एमएच २० पासिंगच्या साध्या हॅचबॅकमध्येही चिपची चावी असते. म्हणजे हा विषय महागड्या गाड्यांपुरता उरलेला नाही.

रिमोट चालतोय, मग चिप बिघडेल कशी?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. रिमोटचं बटण दाबून दार उघडणं आणि चिपने इंजिन सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या फक्त एकाच मुठीत बसवलेल्या असतात.

रिमोटला गोल बटण सेल लागतो. तो संपला तर दार रिमोटने उघडत नाही. पण पातं घालून दार उघडलं, तर गाडी सुरू होते, कारण चिपला सेल लागत नाही. याच्या उलटही होतं. रिमोट व्यवस्थित चालतो, दार उघडतं, पण आतली चिप तडकलेली किंवा पडून गेलेली असते आणि गाडी सुरू होत नाही.

चिप पडते कशी? चावीचं कव्हर तुटलं म्हणून बाजारातून नवीन कव्हर घेतलं जातं. पातं आणि रिमोटची पट्टी नव्या कव्हरमध्ये जाते. चिप मात्र जुन्या कव्हरच्या एका खाचेत चिकटून राहते आणि जुनं कव्हर कचऱ्यात जातं. त्यानंतर गाडी सुरू होत नाही आणि सगळे इंजिनाला दोष देतात. त्यामुळे कव्हर बदलल्यावर गाडी सुरू करून बघेपर्यंत जुनं कव्हर फेकू नका.

गाडी अडली: क्रमाने काय तपासायचं?

टोइंगवाल्याला फोन करण्याआधी पाच-दहा मिनिटं काढून या गोष्टी बघा.

१. आधी बॅटरी. चावी फिरवल्यावर नुसता 'टक टक' आवाज येतोय, दिवे मंद होतायत, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा आहे. व्होल्टेज खूप खाली गेलं तर इमोबिलायझरही चावी नीट वाचू शकत नाही. म्हणून आधी बॅटरीची खात्री करा.

२. मीटरवरचं चिन्ह बघा. चावी 'ऑन' केल्यावर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह दोन-तीन सेकंद दिसून विझलं, तर बहुतेक गाड्यांमध्ये चावी ओळखली गेली असा त्याचा अर्थ असतो. ते लुकलुकत राहिलं, तर चावी ओळखली गेलेली नाही. काही गाड्या स्क्रीनवर थेट 'इमोबिलायझर अ‍ॅक्टिव्ह' असं लिहून दाखवतात. तुमच्या गाडीतली नेमकी खूण मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

३. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतंय का? बॅटरी ठीक असताना इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडत असेल, तर इमोबिलायझरचा संशय घ्यायला जागा आहे. पण इंधन पंप किंवा सेन्सरच्या बिघाडातही असं होऊ शकतं. म्हणून पायरी २ मधलं चिन्ह आणि हे लक्षण दोन्ही जुळतात का ते पाहा.

४. चावी एकटी करा. एकाच कडीत दुसऱ्या गाडीची चिपची चावी, ऑफिसचं ॲक्सेस कार्ड किंवा धातूच्या जाड वस्तू असतील, तर सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. फोन आणि त्याचा चार्जरही बाजूला ठेवा. मग पुन्हा प्रयत्न करा.

५. दुसरी चावी लावा. सगळ्यात खात्रीची चाचणी हीच. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चाव्यांनी नाही झाली, तर दोष गाडीत: कुलपाभोवतीचं कडं, त्याची वायर, फ्यूज किंवा ईसीयू.

६. बटण स्टार्टची गाडी असेल तर आधी ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबलाय ना, गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे ना, ते बघा. स्मार्ट चावीचा सेल संपला असेल तर ती थेट स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागेला टेकवून बटण दाबा. या चावीत दार उघडण्यासाठी एक छोटं पातंही लपवलेलं असतं. ते कुठून निघतं, हे आजच घरी बघून ठेवा.

७. स्टिअरिंग लॉक विसरू नका. चावी फिरतच नसेल तर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत फिरवा. हा इमोबिलायझरचा दोष नसतो.

८. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक आहे का? गाडी घेतल्यानंतर बाहेर बसवलेल्या सिस्टिमसाठी मूळ वायरी कापून जोड दिलेले असतात. ते जोड सैल झाले, गंजले, तर गाडी अधूनमधून अडते. मेकॅनिकला हे आधीच सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचेल.

अलार्म मध्यरात्री आपोआप कोकलत असेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: बॉनेटचा किंवा दाराचा स्विच नीट बसत नाही, बॅटरी उतरलीय किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेल्या उंदराने वायर कुरतडलीय.

चावी 'प्रोग्रॅम' करतात म्हणजे काय करतात?

नवीन चावी करण्याचे दोन भाग असतात. एक, मशीनवर पात्याचे दात कापणं. दोन, नव्या चिपची गाडीशी ओळख करून देणं. दुसऱ्या भागाला प्रोग्रॅमिंग म्हणतात.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला निदान यंत्र जोडतात. कंपनीकडून मिळालेला सुरक्षा कोड टाकला की गाडी 'नवी चावी शिकण्याच्या' अवस्थेत जाते आणि नव्या चिपची नोंद ईसीयूत होते. अनेक गाड्यांमध्ये या वेळी जुन्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसून पुन्हा नव्याने करावी लागते. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. नाहीतर घरी ठेवलेली चावी उद्या निकामी ठरेल.

याच सोयीचा एक फायदा आहे. चावी हरवली असेल, तर तिची नोंद गाडीच्या मेमरीतून काढून टाकता येते. मग ती कुणाला सापडली तरी तिने दार उघडेल, इंजिन नाही.

दुसरी पद्धत क्लोनिंगची. चालू चावीच्या चिपमधली माहिती कोऱ्या चिपवर उतरवतात. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. जुन्या, साध्या चिपच्या बाबतीत हे सोपं असतं, नव्या चिपमध्ये अवघड किंवा अशक्य. आणि क्लोन केलेली चावी हरवली तर फक्त तिचीच नोंद पुसता येत नाही, कारण ती मूळ चावीचीच प्रत असते.

सगळ्याच चाव्या हरवल्या तर काम सर्वांत महाग पडतं. काही गाड्यांमध्ये कुलपांचा पूर्ण संच आणि इमोबिलायझर युनिटही बदलावं लागतं. एक चावी हातात असतानाच दुसरी करून घेणं कितीतरी स्वस्त.

शोरूम की बाजारातला चावीवाला?

शोरूममध्ये वेळ लागतो, पैसे जास्त लागतात आणि चावी मागवावी लागली तर काही दिवस थांबावं लागतं. बाजारातल्या कारागिराकडे काम लवकर आणि स्वस्तात होतं. आज अनेक चावीवाल्यांनी कानशीच्या जोडीला प्रोग्रॅमिंगचं मशीन घेतलंय, नवं तंत्र शिकून घेतलंय. त्यातले बहुतेक प्रामाणिकपणे धंदा करतात. मात्र निवड करताना काही गोष्टी तपासा.

चावीवाला आरसी बुक आणि ओळखपत्र मागतो का? मागत असेल तर रागावू नका. जो तुम्हाला कागद विचारत नाही, तो तुमच्या गाडीची चावी घेऊन आलेल्या तिसऱ्या माणसालाही विचारणार नाही. त्याची पक्की जागा आहे का, तो बिल देतो का, नोंदवही ठेवतो का, हेही बघा. काम तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. काम झाल्यावर गाडीच्या मेमरीत किती चाव्या नोंदल्या गेल्यात, ते मशीनवर दाखवायला सांगा. तुमच्याकडे दोन चाव्या आणि मेमरीत तीन, असं असेल तर तिथेच थांबा आणि विचारा.

नवीन गाडीसोबत चावीचा क्रमांक असलेली एक छोटी पट्टी मिळते. ती घरात सांभाळून ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात तर ती कधीच ठेवू नका.

मग चोर आता गप्प बसलेत का?

नाही. कुलूप बदललं तशी चोरांची पद्धतही बदलली.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळी लाखो चाव्यांमध्ये असलेल्या एका चिपचं ४० बिटचं कोड फोडून दाखवलं. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक संस्थेतल्या संशोधकांनी चावी खिशातच ठेवून चालणाऱ्या ८ कंपन्यांच्या १० मॉडेलवर 'रिले' हल्ला यशस्वी करून दाखवला. यात एक जण घराच्या दाराजवळ यंत्र धरतो, दुसरा गाडीपाशी. घरातल्या चावीचा सिग्नल दोन यंत्रांमधून पुढे नेला जातो आणि गाडीला वाटतं की मालक शेजारीच उभा आहे. यात कोड फोडावाच लागत नाही.

भारतात दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या काही टोळ्यांकडे चावी प्रोग्रॅम करण्याची यंत्रं सापडल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. काच फोडून आत शिरायचं, ओबीडी पोर्टला यंत्र जोडायचं आणि नवी चावी गाडीला 'शिकवायची', अशी ती पद्धत. जे यंत्र कारागिराच्या हातात पोटापाण्याचं साधन आहे, तेच चुकीच्या हातात चोरीचं हत्यार होतं. ब्रिटन सरकारने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा चोरीसाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बाळगणं हाच गुन्हा ठरवण्याचा आणि त्यासाठी ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा प्रस्ताव मांडला.

यावर सामान्य माणसाने काय करायचं? उपाय साधे आहेत. स्मार्ट चावी दाराजवळच्या खिळ्यावर टांगू नका. ती सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये किंवा घराच्या आतल्या भागात ठेवा. स्टिअरिंगचं किंवा गिअरचं लोखंडी कुलूप जुन्या काळचं वाटत असलं तरी ते लॅपटॉपने उघडत नाही. ओबीडी पोर्टसाठीही कुलूप मिळतं. जुन्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सवलतीची तरतूद होती. तुमच्या पॉलिसीत ती आज मिळते का, हे विचारून घ्या.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट. बऱ्याच स्कूटरच्या कुलपावर चुंबकीय झाकण असतं, त्याला लोक इमोबिलायझर समजतात. ते फक्त कुलूप झाकतं, इंजिन रोखत नाही. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या ॲक्टिव्हा एच-स्मार्टसारख्या काही मोजक्या गाड्यांमध्येच स्मार्ट चावी आहे.

चोरी झालीच तर: दुसरी चावी दाखवा

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी कागदपत्रांसोबत गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. एखादी चावी कमी असेल तर प्रश्न सुरू होतात. चावी गाडीतच राहिली होती का? कुणाला दिली होती का? अनेक दावे इथेच अडकतात. म्हणून चावी हरवली त्याच वेळी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, विमा कंपनीला ईमेल करा आणि नव्या चावीचं बिल जपून ठेवा. वर्षभराने हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

चोरी लक्षात येताच आधी पोलीस ठाणं गाठा. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. त्यानंतर विमा कंपनी आणि आरटीओ यांना लेखी कळवा. तपासात गाडी सापडली नाही, तर पोलीस न्यायालयात 'ए समरी' अहवाल देतात. त्याचा अर्थ गुन्हा खरा आहे, पण छडा लागला नाही. विम्याच्या दाव्यासाठी हा कागद लागतो.

कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळला असेल तर जानेवारी २०२० मधला सर्वोच्च न्यायालयाचा गुरशिंदर सिंग प्रकरणातला निकाल लक्षात ठेवा. चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाने एफआयआर त्याच दिवशी केला होता, पण विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं. पोलिसांत वेळेवर तक्रार दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवल्याने खरा दावा नाकारता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं.

सेकंड हँड गाडी घेताना

टायर, इंजिन, पेंट सगळं तपासलं जातं. चाव्या मोजायचं मात्र राहून जातं. विकणाऱ्याकडून दोन्ही चाव्या घ्या आणि दोन्हीने गाडी सुरू करून बघा. एकच चावी मिळाली तर किंमत ठरवताना ते धरा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या चाव्यांची नोंद पुसून नव्याने करून घ्या. आरसीवर तुमचं नाव लागलं, तरी मेमरीत जुन्या मालकाची चावी राहिली असेल, तर ती गाडी अजून दोघांची आहे.